भाडं थकलंय? आधी हिशेब, मग नोटीस: पुण्यातल्या घरमालक आणि भाडेकरूंसाठी

भाड्यावरून होणाऱ्या भांडणांत बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना एकमेकांचा आकडाच ठाऊक नसतो. मालक म्हणतो, तीन महिने थकलेत. भाडेकरू म्हणतो, छे, दोनच, आणि त्यातूनही प्लंबरचे पैसे वळते व्हायचेत. मग फोन उचलणं बंद होतं, एजंट मध्ये पडतो (ब्रोकरेज केव्हाच खिशात गेलेलं असल्यामुळे तो फार वेळ मध्ये टिकत नाही), सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टोमणा मारतो आणि पन्नास हजारांचा हिशेब अब्रूचा प्रश्न होऊन बसतो.

मी वकील नाही. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीवर असल्यामुळे अशी प्रकरणं माझ्यापर्यंत येतात, कधी मालकाकडून, कधी भाडेकरूकडून. त्यातून जमलेलं हे आहे. पुण्यात पहिल्यांदाच घर भाड्यानं घेतलेल्यांसाठी आणि पहिल्यांदाच दिलेल्यांसाठीही.

पायरी १: हातात कोणता कागद आहे?

पैशांवर बोलण्याआधी कपाटातून करार काढा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे, कारण पुण्यात भाड्यानं राहणारे कायद्याच्या नजरेत दोन अगदी वेगळ्या गटांत मोडतात.

पहिला गट लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचा. वाकड, बाणेर, खराडी, कोथरूड, कुठल्याही फ्लॅटमध्ये गेल्या वीस-पंचवीस वर्षांत राहायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण यात येतो. ठरावीक मुदत, ठरावीक रक्कम, मुदत संपली की घर परत. दुसरा गट जुन्या भाडेकरूंचा: सदाशिव, नारायण, कसबा, शनिवार पेठेतल्या वाड्यांमध्ये दोन-तीन पिढ्यांपासून राहणारे, ज्यांच्याकडे पावतीपुस्तक असतं पण मुदतीचा करार नसतो. दोघांनाही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हाच कायदा लागतो (३१ मार्च २००० पासून तो अमलात आहे), मात्र त्यातली कलमं वेगळी लागतात. वाड्यातल्यांसाठी पुढे स्वतंत्र लिहिलं आहे. आधी फ्लॅटवाल्यांचं.

आपला करार नोंदणी झालेला आहे का ते बघा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं एजंटही छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी असावा लागतो आणि नोंदवावाच लागतो, मुदत कितीही असो. ही जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लेखी, नोंदलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोडून काढण्याचं ओझं मालकावर येतं. नोटरीपुढे शिक्का मारून घेतलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. दोन-तीन हजार वाचवायला नोटरी करणारा मालक पुढे त्याच्या कितीतरी पट गमावतो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे.

करार सापडत नसेल तर घाबरू नका. नोंदलेल्या कराराची इंडेक्स टू (नोंदणीचा थोडक्यातला उतारा) नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून काढता येते.

कागद उघडल्यावर पाच गोष्टींखाली पेन्सिलीनं रेघ मारा: भाड्याची रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं, डिपॉझिट, नोटीस पिरियड आणि लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो), आणि भाडं थकलं तर काय करायचं याचं कलम. शेवटचं कलम बहुतेकांनी वाचलेलंच नसतं. साधारण 'सलग दोन महिने भाडं न दिल्यास करार रद्द करता येईल' अशा अर्थाचं ते असतं. शिवाय वीज, मेंटेनन्स, दुरुस्ती कोणाकडे, तेही बघा. सोसायटी भाड्यानं दिलेल्या फ्लॅटवर जो बिनवापर आकार लावते (सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच तो लावता येतो), तो मालकाच्या बिलात येतो. करारात तसं लिहिलेलं नसेल तर तो भाडेकरूच्या थकबाकीत घुसडू नये.

जाता जाता आणखी एक. 'आता नवीन भाडे कायदा आला, दोन महिन्यांवर डिपॉझिट घेता येत नाही' असे मेसेज फिरत असतात. केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला होता, त्यावरून ते निघतात. असा मसुदा राज्यानं स्वतः कायदा करून स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. भांडताना १९९९ च्या कायद्यावर भांडा.

पायरी २: एका कागदावर हिशेब

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि निम्मे वाद इथेच मिटतात.

एक नमुना घेऊ. भाडं २२,०००, डिपॉझिट ६६,०००. डिसेंबरपर्यंत सगळं सुरळीत. मार्च संपत आला तेव्हा मालक म्हणतात, 'जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, तिन्ही बाकी. वर विजेचं बिल ३,४०० मी भरलंय. एकूण ६९,४००.' भाडेकरू म्हणतो, 'जानेवारीत मी १०,००० पाठवलेत. बाथरूमच्या गळतीला ६,५०० खर्च केलेत, काकांना विचारून. माझ्याकडे ४९,५०० निघतात.'

फरक १९,९०० चा. ऐकायला वाटतं, कोणीतरी खोटं बोलतंय. कागदावर मांडल्यावर दिसतं ते असं: जानेवारीचे १०,००० भाडेकरूनं मालकांच्या मुलाच्या गुगल पे नंबरवर पाठवले होते, कारण घर दाखवताना तोच आला होता; वडिलांना ते कळलंच नाही. गळतीच्या खर्चावर मालकांनी व्हॉट्सॲपवर 'करून घ्या, बघू' असं लिहिलं होतं आणि विसरले होते. विजेचं बिल भाडेकरू विसरला होता. म्हणजे ६६,००० मधून १०,००० वजा, ५६,०००. त्यात वीज ३,४०० मिळवा, ५९,४००. दुरुस्तीचे ६,५०० वजा. उरले ५२,९००.

हा हिशेब करताना चार रकाने पुरतात: महिना, देय रक्कम, दिलेली रक्कम, पुरावा. पुराव्याच्या रकान्यात बँकेच्या स्टेटमेंटची तारीख किंवा यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहा. पुरावा नसलेली नोंद वेगळ्या रंगात ठेवा, ती लपवू नका. 'करून घ्या, बघू' हे अर्धवट उत्तर आहे, त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. अशा ठिकाणी पूर्ण रकमेवर अडून बसण्यापेक्षा बिल दाखवून निम्म्यावर यायची तयारी ठेवलेली बरी.

रोख देणाऱ्यांनी पावती घ्यावी. पाच हजारांच्या वर रोखीची पावती असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावायचं. आणि पावत्यांवरून आठवलं, मालकांसाठी एक सापळा. हिंजवडीतल्या कंपन्या जानेवारी-फेब्रुवारीत घरभाडे भत्त्याचे पुरावे मागतात. भाडेकरू बारा पावत्या छापून आणतो, 'काका, फक्त सह्या हव्यात ऑफिसला.' काका सह्या करतात, न मिळालेल्या महिन्यांच्याही. वाद झाला की त्याच पावत्या 'भाडं मिळालं' म्हणून पुढे येतात. जेवढं मिळालं तेवढ्यावरच सही करा. भाडेकरूनंही न दिलेल्या भाड्याची पावती ऑफिसात लावू नये. ती भानगड आयकराकडे जाते.

पायरी ३: डिपॉझिटचं घड्याळ

पुण्यात डिपॉझिट साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढं असतं. वरच्या नमुन्यात ६६,००० पैकी ५२,९०० मार्चअखेर आधीच खर्ची पडलेत. उरले १३,१००. एप्रिलचं भाडं चढलं की मालकाच्या हातात काहीच राहत नाही, उलट ८,९०० अंगावर येतात. घराचं नुकसान झालेलं असेल तर ते वेगळंच.

म्हणून मालकांनी 'बघू, देतील' करत डिपॉझिट संपेपर्यंत थांबू नये. पहिला हप्ता चुकल्यावर दहा दिवसांत लेखी विचारणा करावी. आणि भाडेकरूनं 'डिपॉझिटमधून कापा' हे वाक्य परस्पर उच्चारून हात झटकू नयेत. बहुतेक करारांत डिपॉझिट भाड्यात वळतं करता येणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मालकानं लेखी मान्य केलं तरच ते वळतं होतं.

पायरी ४: लेखी विचारणा

फोनवर आवाज चढतात. मेसेज पाठवा, ईमेल पाठवा, पण लिहून पाठवा आणि हिशेबाचा कागद जोडा.

मालकानं असं लिहावं:

'नमस्कार. जानेवारी ते मार्च या महिन्यांच्या भाड्याचा हिशेब सोबत जोडला आहे. माझ्या नोंदीप्रमाणे ५२,९०० रुपये येणं आहे. यात काही सुटलं असेल तर पुराव्यासह ७ तारखेपर्यंत कळवा. एकदम देणं अवघड असेल तर कसं देऊ शकाल तेही लिहा, बसून ठरवू.'

भाडेकरूनं असं:

'काका, नमस्कार. भाडं थकलंय हे मला मान्य आहे. नोकरी गेल्यामुळे तीन महिने ओढाताण झाली. १० तारखेला २२,९०० पाठवतो आणि उरलेले ३०,००० तीन महिन्यांत दहा-दहा हजार असे, चालू भाड्याव्यतिरिक्त देतो. चालेल का, कळवा.'

पैसे नाहीत म्हणून फोन बंद ठेवणारा भाडेकरू स्वतःचं सगळ्यात मोठं नुकसान करतो. मालकाला पैशांइतकीच भीती वाटत असते ती घर अडकण्याची. तारीख आणि आकडा दिला की ती भीती बरीच उतरते. मात्र जमेल तेवढंच कबूल करा. पहिलाच हप्ता चुकला तर पुढे कोणी ऐकून घेत नाही.

हे मेसेज पुढे पुराव्यात येऊ शकतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील. तुम्ही एवढंच करा की चॅट डिलीट करू नका, फोन बदलताना बॅकअप घ्या. आणि पुढे न्यायाधीशांनी वाचलं तर लाज वाटेल असं काही लिहू नका.

पायरी ५: समोरासमोर बसणं आणि तडजोडीचा कागद

बैठक शक्यतो वादाच्या घरात घेऊ नका. सोसायटीचं ऑफिस, एखादं साधं हॉटेल, काहीही चालेल. दोन्ही बाजूंना मान्य असा एक जण मध्ये असावा. मालकाचे तीन भाऊ आणि भाडेकरूचे चार मित्र अशी जत्रा नको. सेक्रेटरीनं मध्यस्थी जरूर करावी, पण भाडेवसुली हे सोसायटीचं काम नाही हे त्यानं लक्षात ठेवावं.

प्रत्यक्षात तीनच मार्ग निघतात. एक, हप्ते ठरवून राहणं चालू. दोन, डिपॉझिट वळतं करून ठरल्या तारखेला घर रिकामं. तीन, मालकानं थोडी सूट देऊन लगेच ताबा घेणं. तिसरा मार्ग मालकांना झोंबतो. पण हिशेब करा: पाच-सात महिने कोर्टाच्या वाऱ्या, वकिलाची फी, त्या काळात न मिळणारं भाडं. पंधरा-वीस हजारांवर पाणी सोडून पंधरा दिवसांत चावी हातात येत असेल तर माझं मत, चावी घ्यावी. 'तत्त्वाचा प्रश्न आहे' म्हणणारे गृहस्थ मला आदरणीय वाटतात, पण त्यांचे फ्लॅट सर्वांत जास्त काळ अडकलेले असतात.

जे ठरेल ते त्याच बैठकीत लिहा. ५०० रुपयांचा स्टॅम्प वापरा; ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या स्टॅम्पचे दिवस संपले. मजकूर साधा ठेवा:

'आम्ही दोघांनी आज हिशेब तपासला. दिनांक ३१ मार्चपर्यंतची एकूण थकबाकी ५२,९०० रुपये असल्याचं दोघांना मान्य आहे. यापैकी २२,९०० रुपये १० एप्रिलपर्यंत आणि उरलेले ३०,००० रुपये मे, जून, जुलैच्या १० तारखेपर्यंत प्रत्येकी १०,००० याप्रमाणे भाडेकरू देतील. चालू भाडं करारात ठरलेल्या तारखेला वेगळं देतील. कोणताही हप्ता चुकल्यास १५ दिवसांत घराचा ताबा देतील. मूळ कराराच्या बाकी अटी कायम राहतील.'

खाली दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, तारखेसकट. कराराची मुदत जुलैच्या आत संपत असेल तर हप्त्यांच्या भरवशावर राहणं तसंच चालू ठेवू नका. मुदतवाढ द्यायची असेल तर नवा करार नोंदवा.

हप्त्यांसाठी पुढच्या तारखांचे चेक घेतले तर मालकाची बाजू भक्कम होते. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी करायची, त्यानंतर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ चा हा फौजदारी मार्ग आहे. यातली एक तारीख हुकली की प्रकरण अडतं, म्हणून चेक परत आल्याच्या दिवशीच वकिलाला फोन करा. भाडेकरूंनो, खात्यात पैसे येणार याची खात्री नसेल तर चेक देऊ नका. थकलेलं भाडं दिवाणी प्रकरण असतं, परत आलेला चेक फौजदारी होतो.

पायरी ६: नोटीस

तडजोड झाली नाही किंवा मोडली, तर नोटीस. स्वतः लिहिता येते, पण इथे वकिलावर खर्च करणं योग्य. नोटिशीत करार कधीचा, थकबाकी किती आणि कशी, किती दिवसांत द्यायची, न दिल्यास काय करणार, एवढं असावं. जुन्या लोकांच्या तोंडी 'आरपीएडी', म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट, असतं. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा, शिवाय व्हॉट्सॲप आणि ईमेलवर. पोस्टाची पावती जपून ठेवा.

नोटीस आली म्हणजे घर गेलं, असं भाडेकरूनं समजू नये आणि नोटीस घेतलीच नाही म्हणजे वाचलो असंही समजू नये. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस 'घेण्यास नकार' शेऱ्यानं परत आली तरी ती पोचली असं धरलं जाऊ शकतं. घ्या, वाचा, मुद्देसूद उत्तर द्या, मान्य असलेली रक्कम लगेच भरा.

पायरी ७: शिवाजीनगर

इथे तीन दारं आहेत आणि नवखे लोक हमखास चुकीचं ठोठावतात.

पहिलं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात. दावा दाखल करण्याआधीच इथे वादपूर्व अर्ज देता येतो. समोरच्याला बोलावणं जातं, लोकअदालतीत किंवा मध्यस्थापुढे बसून तोडगा काढता येतो. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही. समोरचा आलाच नाही तर मात्र त्याला ओढून आणता येत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना इथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. माझा आग्रह आहे की आधी हे दार.

दुसरं, सक्षम प्राधिकारी, म्हणजे १९९९ च्या भाडे कायद्याखाली अशा प्रकरणांसाठी नेमलेला अधिकारी. राहण्यासाठी दिलेल्या घराच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही ताबा मिळत नसेल तर मालकानं त्या कायद्याच्या कलम २४ खाली इथे अर्ज करायचा. लेखी करार इथे निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीनंतर जितके दिवस घर अडवलं त्याचे पैसे करारातल्या रकमेच्या दुप्पट दरानं द्यावे लागतात. २२,००० चं घर मुदतीनंतर महिन्याला ४४,००० ला पडतं. भाडेकरूला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ते केलं नाही तर मालकाचं म्हणणं मान्य आहे असं धरून ताब्याचा आदेश होतो. हे ३० दिवस हातचे जाऊ देऊ नका. दुकान किंवा ऑफिस असेल तर हे दार नाही.

तिसरं, लघुवाद न्यायालय, तेही शिवाजीनगरलाच. मुदतीतली थकबाकी वसूल करायची असेल, जुन्या भाडेकरूचा वाद असेल, तर इथे. थकलेल्या भाड्याचा दावा, ते भाडं देय झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. 'पाच वर्षांचं भाडं राहिलंय' म्हणून उठलेल्या मालकाला पहिल्या दोन वर्षांचं सहसा विसरावं लागतं.

जाताना मेट्रोनं जा, जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरा. पार्किंगच्या शोधात तारीख हुकवलेले लोक आहेत.

आणि पोलीस चौकी? भाडेवसुली पोलिसांचं काम नाही, तिथे 'दिवाणी बाब आहे' असं उत्तर मिळेल आणि ते बरोबरच आहे. धमकी, मारहाण, घरात घुसणं असं काही झालं तर मात्र ११२ लावा.

मालकांनी हे करायचं नाही

कुलूप बदलणं. पाणी तोडणं. मीटरचा फ्यूज काढणं. सोसायटीला सांगून लिफ्ट बंद करायला लावणं. सामान जिन्यात काढून ठेवणं. भाडं खरोखर थकलेलं असलं तरी यातल्या एकाही गोष्टीची मुभा मिळत नाही. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, स्वच्छता या सोयी योग्य कारणाशिवाय तोडायला १९९९ च्या भाडे कायद्याच्या कलम २९ नं मनाई आहे आणि थकबाकी वसूल करायचा तो मार्ग नव्हे. भाडेकरूला बळानं बाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. मग ज्याचे पैसे अडकलेत तोच आरोपीच्या जागी उभा राहतो.

महावितरणचं बिल तुमच्या नावावर आणि भाडेकरू ते भरत नाही, ही अडचण खरी आहे. बिल भरून टाका आणि हिशेबात जोडा. मीटर काढला गेला तर परत बसवण्याची कटकट तुमचीच आहे.

वाड्यातल्यांसाठी

इथे चित्र उलटं असतं. भाडं महिन्याला शे-दोनशे रुपये, द्यायला भाडेकरू तयार, आणि मालकच घेत नाही. वाडा पाडून इमारत बांधायची असते. भाडं 'थकलं' की ताबा मागायला कारण मिळतं. मालक दारात पैसे घेत नाही, पावती देत नाही, वर्ष-दोन वर्षं जातात आणि मग नोटीस येते.

१९९९ च्या भाडे कायद्याचं कलम १५ या भाडेकरूंना बरंच संरक्षण देतं. भाडं देत आहात किंवा द्यायला तयार आहात तोवर केवळ भाड्यावरून बाहेर काढता येत नाही. थकबाकीसाठी दावा लावायचा तर मालकाला आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरली आणि पुढे निकालापर्यंत नियमित भरत राहिलं, तर त्या कारणावरून घर जात नाही. म्हणजे तुम्हाला दोन संधी आहेत, पण दोन्ही तारखेला बांधलेल्या.

तेव्हा मालक घेत नसेल तर दर महिन्याला चेक स्पीड पोस्टानं पाठवा किंवा खाते क्रमांक माहीत असेल तर बँकेत भरा. परत आलेली पाकिटं न उघडता एका पिशवीत ठेवा, तीच उद्या तुमचा पुरावा आहेत. शंभर रुपयांच्या भाड्यासाठी टपालाचा खर्च जीवावर येतो हे कळतं. तरी पाठवा. करवाढ आणि कायद्यानं परवानगी असलेली चार टक्के वार्षिक वाढ मागितली असेल तर तीही त्यात धरा, नाहीतर 'पूर्ण भाडं दिलंच नव्हतं' हा मुद्दा निघतो.

घर सोडताना

वाद मिटून घर रिकामं होत असेल तर शेवटचा दिवस घाईत उरकू नका. विजेच्या मीटरचं रीडिंग, गॅसच्या मीटरचं रीडिंग, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, किती चाव्या दिल्या, हे दोघांनी मिळून करा. रंग फिका पडणं, नळाची चकती झिजणं ही वापरातली झीज. फुटलेलं बेसिन किंवा गायब पंखा हे नुकसान. डिपॉझिटमधून कापायचं असेल तर बिलासह, आणि 'अंदाजे रंगकाम २०,०००' असली ढोबळ ओळ भाडेकरूनं मान्य करू नये.

चावी आणि डिपॉझिट एकाच बैठकीत, एकाच वेळी हातबदल व्हावेत. 'घर रिकामं करा, आठवड्यानं ट्रान्सफर करतो' हे भाडेकरूनं ऐकू नये. 'पैसे द्या, संध्याकाळी चावी आणून देतो' हे मालकानं. त्याच वेळी एका कागदावर दोन ओळी: ताबा मिळाला, अमुक रक्कम वळती करून अमुक परत दिली, आता एकमेकांकडे काही येणं-देणं नाही. करार मुदतीआधी संपवत असाल तर करार संपुष्टात आल्याचाही उल्लेख करा. भाडेकरूनं दरमहा भाडं आपोआप पाठवण्याची बँकेतली सूचना बंद करावी, मालकानं पोलिसांकडे दिलेली भाडेकरूची माहिती आणि सोसायटीच्या रजिस्टरमधली नोंद बदलून घ्यावी. गेटवरच्या ॲपमधलं नावही काढायला सांगा, नाहीतर सहा महिन्यांनीही जुन्या भाडेकरूची पार्सलं तुमच्या दारात येत राहतील.